वाघाचा रुमाल

काचेवर चित्र काढायचं तर सगळं उलटं चालतं, आणि उलटं म्हणजे नुसतं डावं-उजवं नव्हे. कागदावर आधी आभाळ, मग झाड, मग माणूस आणि शेवटी त्याच्या डोळ्यातलं बुबुळ. काचेच्या मागून काढताना बुबुळ आधी, मग डोळा, मग चेहरा, आणि आभाळ सगळ्यात शेवटी. एकदा मागून रंग चढला की बुबुळ कायमचं आत गेलं. मग कितीही डोकं आपटा, ते बदलत नाही. आणि बुबुळाच्याही आधी, कोपऱ्यात, उलट्या अक्षरांत चित्रकाराचं नाव. आमच्या गावात चित्राची सुरुवातच नावाने होते.

आमच्या घरात ते नाव एकच: वार्सिदी. माझा नवरा. जावाच्या अख्ख्या उत्तर किनाऱ्यावर त्याच्यासारखी रेघ कुणाची नाही असं लोक म्हणायचे, आणि एके काळी ते खरंही होतं. सहा वर्षांपूर्वी एका चित्रावरून त्याला जीपमध्ये घालून अकरा दिवस कचेरीत नेलं होतं. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आला, जेवला, झोपला, सकाळी लेखणी हातात घेतली आणि हात थरथरायला लागला. चहाचा पेला धरताना थरथरत नाही, मोठा ब्रश धरताना नाही. फक्त लेखणी, नाहीतर तसंच बारीक काही. तेव्हापासून रेघ मी काढते आणि मागचे रंग तो भरतो. नाव मात्र त्याचंच घालते. हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

त्या वर्षी जुना बाजार जळाला. पहाटे पेटला, आणि बंब आला तो वरातीमागून घोडं तसा. तिसऱ्या दिवशी त्या जागेभोवती पत्रे ठोकून झाले आणि पत्र्यांवर नव्या दुमजली दुकानांचं रंगीत चित्र लागलं. चित्र इतक्या लवकर कसं तयार झालं, हे विचारायचं नसतं. आठवड्याने बुपातीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या धन्याने, बाजारातल्या बायकांना कंदुरी घातली. कुणी मेलं नाही म्हणून देवाचे आभार मानायला. प्रत्येकीला भाताचा एक पुठ्ठ्याचा डबा आणि डब्याच्या झाकणावर बुपातीचा हसरा फोटो. माझी आई त्या बाजारात एकेचाळीस वर्षं सुकी मासळी विकत होती. तिने भात खाल्ला, कारण भूक लागली होती, दोन्ही हात वर करून दुआही मागितली. रिकामा डबा घरी आणून त्यात सुईदोरा ठेवला.

बुपातीला स्वच्छतेचं भारी वेड. जाईल तिथे खिशातून पांढरा रुमाल काढायचा, अत्तराच्या पाण्यात भिजवलेला, आणि पाट्या, खुर्च्या, पुतळे, समोर येईल ते पुसायचा. दर आठवड्याला पेपरात फोटो असायचाच.

वार्सिदीने मला कोळशाने जाडंभरडं आखून दिलं ते चित्र साधं होतं. वाघाच्या घरी जेवण, बकऱ्या पंगतीला. आमच्याकडची जुनीच थट्टा. पण वाघाच्या तोंडाशी आले आणि माझा हात आपोआप चालला. आपोआप कशाला म्हणू, मीच चालवला. फुगीर गाल, भुवईतली खाच, डब्यावरचं ते हसू. एका पंजात पांढरा रुमाल, ओठ पुसायला. बकऱ्यांपुढे डबे ठेवले, डब्यांवर वाघाचं ठिपक्याएवढं तोंड काढलं, आणि आत काय, तर बकऱ्याचंच मटण. बकऱ्यांचे पुढचे पाय दुआसाठी वर.

वार्सिदीने मागून रंग भरले. मागून बघणाऱ्याला चेहऱ्याचा पत्ता लागत नाही. आभाळ वाळल्यावर त्याने काच फिरवली आणि तो हसला. इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्याने काच जवळ ओढली.

"निती, हा कोण आहे?"

"वाघ."

"वाघाला भुवई असते?"

"असते एखाद्याला."

"मला परत तिकडे धाडायचा विचार आहे का तुझा?"

तोंड खरवडायचं तर मागचं आभाळ, झाड, अर्धा वाघ, सगळंच जाणार. त्यापेक्षा फोडलेलं बरं. मी हातोडी घेऊन आले, तर तो काचेच्या आडवा बसलेला.

"राहू दे," तो म्हणाला. "सहा वर्षांत या घरात एवढं एकच धड चित्र झालंय. त्याच्यावर नाव माझं आहे ना? मग ते मला लावायचंय."

"कांग," नवऱ्याला मी असंच म्हणते, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"तुझं होतं, भुवई काढताना?"

मी हातोडी खाली ठेवली.

जिल्ह्याच्या वाढदिवसाला नगर सभागृहात प्रदर्शन होतं. वार्सिदीची चौदा चित्रं, उद्घाटन बुपातीच्या हस्ते. अर्जात नुसती नावं लिहायची असतात, आम्ही "जंगलातली कंदुरी" असं लिहिलं आणि परवाना आला. पण चित्रं प्रत्यक्ष बघायला परवाना कचेरीचा माणूस उद्घाटनाच्या दिवशी सकाळी येतोच. तो आला दहा वाजता. बापाक हार्दोको, बापाक म्हणजे साहेब. बारीक आवाजाचा, कधी न चिडणारा. चिडणारा माणूस एक वेळ परवडतो. त्याच्याबरोबर वही घेऊन कारकून जुमांता, शेजारच्या गावचा. जुमांताचा बाप सायकलला बांधून काचचित्रं विकायचा.

सभागृहाच्या मधोमध एक टेबल मांडलं होतं. त्यावर कोऱ्या काचा, लेखण्या, ब्रश, एका ताटलीत काजळीची शाई, शेजारी काळ्या तेलरंगाचा डबा. बुपातीसमोर वार्सिदी थोडे रंग भरून दाखवणार, असं पत्रिकेत छापलं होतं. नुसते रंग. तेवढं मी बघून घेतलं होतं.

हार्दोको तेरा चित्रांपुढून हात मागे बांधून चालत गेला. चौदाव्यापुढे थांबला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वार्सिदी, हे कोण?"

"वाघ आहे, बापाक."

"मागच्या वेळी म्हणाला होतात, माकड आहे. माकडाला अकरा दिवस लागले." त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. "वाघाला किती लागतील?"

वार्सिदीच्या कानशिलावरून घामाची धार उतरताना मला दिसली. जुमांता हळूच म्हणाला, "उतरवून ठेवू का, बापाक?"

"पत्रिकेत चौदा चित्रं छापलीयत. काल ती बुपातींच्या घरी पोचली. तेरा दिसली तर विचारतील, चौदावं का काढलं? काय सांगू, अमक्यासारखं दिसतं म्हणून? माझ्या तोंडाने?" त्याने टेबलावरचा बारीक ब्रश उचलून वार्सिदीपुढे धरला. "तोंड झाका. आत्ता, माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने."

वार्सिदीने ब्रश घेतला नाही. हार्दोकोला वाटलं माज आहे. मला ठाऊक होतं काय आहे ते. ज्यांनी हात असा केला त्यांच्यासमोरच तो थरथरताना दिसणार, यापेक्षा त्याला जीप परवडली असती. हार्दोको वाट बघत उभा राहिला. बाहेर जीपचं इंजिन चालूच होतं.

मी पुढे होऊन ब्रश ओढून घेतला. "रेघ त्यांची, फासाफाशी माझी, बापाक. आमच्यात ते बायकांचंच काम."

"मग करा," हार्दोको म्हणाला.

मी तेलरंगाच्या डब्याला हात लावला नाही. शाईची ताटली घेतली आणि काचेच्या पुढच्या बाजूने वाघाच्या तोंडावर जाड काळा गोळा फासला. हार्दोकोच्या लेखी चित्र म्हणजे समोर दिसतं ते, त्यावर काळं फासलं की चित्र संपलं. पण माझा वाघ काचेच्या मागे सुखरूप. घरी नेऊन ओलं फडकं फिरवलं की जसाच्या तसा. मी मनातून इतकी खूश झाले की विचारू नका. जुमांताने ताटलीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ज्याच्या बापाने हजार काचा विकल्या त्याला कळलं नाही असं होणारच नाही.

"वाळेल ना, ईबू?" त्याने विचारलं.

"वाळेल."

त्याने मान वहीत घातली.

मग हार्दोकोने खिशातून कागद काढला आणि जुमांताला मजकूर सांगितला. हे तोंड आज किंवा यापुढे कुणाच्याही नजरेला पडलं, तर मी वार्सिदी स्वतःहून कचेरीत हजर होईन, आणि किती दिवसांसाठी ते विचारणार नाही.

"सही नको, सह्या बदलतात. अंगठा द्या."

वार्सिदीने त्याच ताटलीत अंगठा बुडवला, कागदावर दाबला, आणि लुंगीला पुसला. एकदाच पुसला. अंगठा स्वच्छ झाला.

मी त्या स्वच्छ अंगठ्याकडे बघत राहिले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते हे. एवढ्या सहज निघणाऱ्या शाईवर मी आता नवऱ्याचा जीव ठेवला होता. मी तेलरंगाचा डबा उचलला. "बापाक, आणखी एक हात मारते."

"झालं तेवढं पुरे. आता कुणी हात लावायचा नाही. जुमांता, चार वाजेपर्यंत इथेच बसा."

हार्दोको गेल्यावर मी जुमांताच्या किती विनवण्या केल्या. तो खुर्चीवरून उठला नाही. "मी काही बघितलं नाही, ईबू, एवढंच माझ्या हातात आहे. याच्यापुढे गेलो तर माझ्या दोन मुलींना कोण बघेल?" वार्सिदी भिंतीला टेकून बसला होता. मी त्याला शाईचं सांगितलं. तो म्हणाला, "घरी जाऊन माझी जाड लुंगी आण. तिथे रात्री फरशी गार असते."

चार वाजता सभागृह भरलं. आमच्या गावचे झाडून सगळे चित्रकार आले, बाजारातल्या बायका आल्या, माझी आई आली. तेरा चित्रांकडे कुणी ढुंकून बघेना. सगळा घोळका त्या काळ्या गोळ्यापुढे.

"वाघाच्या तोंडाला काय झालं गं?" आईने विचारलं.

"शाई सांडली."

"बरोबर तोंडावरच?"

"आई, तू तिकडे खुर्चीवर बस."

एका बाईने बोट पुढे केलं, तिच्या हातावर मी फटका मारला. सभागृहात दमट उकाडा होता आणि शाईच्या कडा मऊ पडायला लागल्या होत्या. मी चित्रापुढे अशी उभी राहिले की माझ्यामागचं कुणाला काही दिसू नये.

बुपाती आला. पांढरा सफारी, तेच हसू, मागे दोन फोटोवाले. पहिल्या चित्रापाशी फ्रेमची कड पुसली, फोटो निघाला. चौथ्यापाशी पाटी पुसली. मी मोजत होते. दहा, अकरा. तेराव्यापाशी त्याने रुमालावर अत्तराच्या कुपीतले चार थेंब नव्याने टाकले. हार्दोको माझ्याजवळ येऊन बारीक आवाजात म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. बघताहेत ते." मला बाजूला व्हावं लागलं.

"हा डाग कसला?" बुपातीने विचारलं.

"तशीच पद्धत आहे, बापाक," हार्दोको म्हणाला.

"डाग ठेवायची पद्धत? माझ्या जिल्ह्यात?" लोक हसले. फोटोवाले पुढे सरकले. त्याने रुमाल काढला.

"रुमाल खराब होईल, बापाक," मी म्हणाले.

"रुमाल असतो कशाला, बाई?"

हार्दोको अर्धं पाऊल पुढे आला आणि थांबला. थांबवायचं तर कारण सांगावं लागणार होतं. बुपातीने काच वरून खाली एकदा पुसली, मग गोल फिरवून पुसली, हसत, फोटोवाल्यांकडे बघत. आधी भुवई बाहेर आली, खाचेसकट. मग गाल आले. मग हसू. फ्लॅश उडाला तेव्हा दोन हसरी तोंडं शेजारी शेजारी होती, दोघांच्या हातात रुमाल. तेव्हा कुठे त्याने काचेकडे बघितलं.

कुणी हसलं नाही. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. आणि त्या शांततेत माझ्या आईने, तिच्या मते हळू आवाजात, शेजारणीला सांगितलं, "अगं, हा तर डब्यावरचा."

पार शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं.

हार्दोकोने वार्सिदीचा दंड धरला. बुपाती ओठ न हलवता म्हणाला, "कुणी काढलं?" हार्दोकोने कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं.

"मीच काढलं," वार्सिदी म्हणाला आणि स्वतःच दाराकडे निघाला. त्याच्या बगलेत लुंगीची घडी होती.

"रेघ माझी आहे," मी म्हणाले.

हार्दोकोने मान हलवली. "नवऱ्याला वाचवते आहे, बापाक. सकाळी हीच बाई म्हणाली, रेघ त्यांची, फासाफाशी माझी. वही लिहिणारा साक्षीला आहे."

माझेच दात माझ्याच घशात. वार्सिदी दारापाशी पोचला होता. मला एकच गोष्ट सुचली, आणि सुचल्याबरोबर वाटलं की ती सुचली नसती तर बरं झालं असतं.

"त्यांना एक रेघ काढायला सांगा. टेबल समोरच आहे. सरळ, टाचणीएवढी बारीक. मग ठरवा वाघ कुणाचा ते."

वार्सिदी वळला. "निती, नको."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते.

बुपातीने नुसती मान हलवली. हार्दोकोने वार्सिदीला टेबलाशी आणून त्याच्या हातात लेखणी दिली. जे त्याच्याकडे बघून लेखणी धरायला शिकले ते सगळे भोवती उभे होते. लेखणी काचेला टेकली तेव्हा आधी टकटक आवाज आला, टोक काचेवर आपटत होतं. मग रेघ निघाली. सुंभ उकलावं तशी, कुठे जाड, कुठे तुटलेली. दोन बोटं गेल्यावर तो थांबू शकला असता. थांबला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली, आणि लेखणी ठेवली. कुणीतरी बाई तोंडात पदर धरून रडायला लागली. ती माझी आई होती.

मी दुसरी काच ओढली. भुवई, खाच, गाल, हसू. बारा रेघा, एका दमात. काच उचलून बुपातीपुढे फिरवून धरली.

त्याने ती पुसली नाही. रुमाल घडी करून वरच्या खिशात ठेवला. काळं झिरपून पांढऱ्या सफारीवर उतरायला लागलं, ते त्याला कुणी सांगितलं नाही. "कार्यक्रम चालू द्या," एवढं म्हणून तो गेला. जीपमध्ये हार्दोकोने मला बसवलं.

मला चार दिवस ठेवलं. मारलं नाही, खोटं कशाला बोलू. बाकावर बसवून ठेवायचे आणि तेच तेच विचारायचे, रुमाल का काढला? मी सांगायचे, वाघाने खाल्लं, मग तोंड पुसायला नको? तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात काच फुटल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, गेला माझा वाघ. खूप रडले. गुन्हा काही त्यांना लिहिता येईना, कारण तक्रारीत लिहावं लागणार की वाघ कुणासारखा दिसतो, आणि ते लिहायला कुणाचा हात धजेना. वार्सिदीच्या अंगठ्याचा कागदही त्यांनी पुढे केला नाही, ते तोंड खुद्द बुपातीनेच पुसून उघडं केलं होतं.

पाचव्या दिवशी जुमांताने हुकूम वाचून दाखवला. चित्रकार वार्सिदी यांच्या नावाचं कोणतंही चित्र जिल्ह्यात लावायला वा विकायला कायमची बंदी. पत्नीला तोंडी समज.

"आणि मी? सगळ्यांसमोर काढलं की मी."

"छापील अर्जात चित्रकाराचा रकाना एकच आहे, ईबू. आणि चित्रावर जे नाव होतं तेच त्यात भरतात." त्याने हार्दोकोच्या बंद दाराकडे बघितलं. "मी अगदी नियमाने भरलंय. जा आता घरी."

कचेरीपेक्षा मला घराचीच भीती जास्त वाटत होती. सहा वर्षं त्याने जे जिवापाड लपवलं, ते मी भर सभागृहात मांडून ठेवलं होतं. वार्सिदी ओसरीवर बसला होता. त्याने चहा केला. मी बसले. पेला रिकामा करून खाली ठेवला.

"कांग, मी तुमचा हात सगळ्यांना..."

"दाखवलास." त्याने हात उलटा करून बघितला. "मला राग आला होता. तुला नेलं त्या रात्री इतका राग होता की तू परत आलीस तर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मग दुसऱ्या दिवशी गावातले चित्रकार आले. एकेक जण येऊन नुसता शेजारी बसून गेला. तेव्हा वाटलं, लाज त्यांनी वाटून घ्यायची होती, आणि मी सहा वर्षं ती माझी समजून सांभाळली."

आत टेबलावर त्याने काच धुऊन, पुसून ठेवली होती. ताटलीत ताजी शाई होती.

"बस," तो म्हणाला. "आधी नाव घाल."

सवयीने मी लेखणी टेकवली आणि त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर उलटं काढायला घेतलं. त्याने मनगट धरलं.

"त्या नावाला बंदी आहे."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी माझं नाव लिहायला गेले, आणि हात तिथेच थांबला. सहा वर्षं त्याचं नाव डोळे मिटून उलटं लिहीत होते. तार्निती हे माझं पूर्ण नाव उलटं कसं दिसतं, ते मला ठाऊक नव्हतं.

त्याने कागद ओढला, लेखणी घेतली, आणि थरथरत्या हाताने एकेक अक्षर उलटं लिहून दिलं. बराच वेळ लागला त्याला. मी काच त्या कागदावर ठेवली आणि ते नाव गिरवलं, प्रत्येक थरथरीसकट.